थेंब कुठे पडणार हे कोण ठरवतं? बेसिकमधला १५ ओळींचा गेम आणि तुमच्या फोनमधले गेम

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, मग तो गेम कौशल्याचा असो की नशिबाचा. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. काही दिवसांतच ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांचं नाव गेलं. या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

त्यानंतर जेमतेम पंधरवड्यात आणखी एक बातमी आली, ती फारशी कुणी वाचली नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ६५०२ बेसिकचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. बिल गेट्स आणि रिक वाइलँड यांनी १९७६ मध्ये लिहिलेला हा सुमारे ७ हजार ओळींचा कोड. कमोडोर कंपनीने तो २५ हजार डॉलर एकरकमी देऊन घेतला होता आणि त्यावर लाखो घरगुती कॉम्प्युटर चालले. आता हा कोड कुणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध? वरवर पाहता काहीच नाही. पण पहिली बातमी नीट समजून घ्यायची असेल तर दुसरीची मदत होते, असं मला वाटतं. फोनवरच्या गेममध्ये तुमच्या बोटाखाली नेमकं काय चाललेलं असतं, हे बाहेरून बघून कळत नाही. स्वतः एक छोटासा गेम लिहिला की कळतं. आणि त्यासाठी बेसिकइतकी सोपी जागा दुसरी नाही. चला तर मग, आधी गेम लिहू, मग कायद्याकडे वळू.

बेसिक म्हणजे काय आणि ते कशासाठी बनलं?

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोन गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: इतिहास, साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे. तेव्हा प्रोग्राम लिहिणं हे इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांचं काम समजलं जायचं. या दोघांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नवी भाषा बनवली आणि १ मे १९६४ च्या पहाटे ४ वाजता तिचे पहिले प्रोग्राम चालले. कर्ट्झ यांचं निधन अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं.

गंमत बघा. त्या पहिल्या बेसिकमध्ये प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याला काही विचारायची सोयच नव्हती. 'इनपुट' ही आज्ञा दोन वर्षांनी, १९६६ मध्ये आली. आणि ती आली तरी ती थांबणारी आज्ञा होती. कॉम्प्युटर प्रश्न विचारणार, तुम्ही उत्तर टाइप करून एंटर दाबेपर्यंत हातावर हात ठेवून बसणार. डेव्हिड अॅल यांनी १९७३ मध्ये बेसिकमधल्या १०१ गेमचं पुस्तक काढलं. त्यातले बहुतेक गेम याच पद्धतीचे: एक चाल तुमची, एक चाल मशीनची. कारण स्क्रीन नव्हतीच, टेलिटाइपच्या कागदावर अक्षरं छापली जायची. कागदावर पळणारी गाडी कशी दाखवणार?

रिअल-टाइम गेम म्हणजे जो तुमच्यासाठी थांबत नाही तो. बुद्धिबळात घड्याळ नसेल तर तुम्ही तासभर विचार करू शकता. विटीदांडूत विटी एकदा उडाली की उडाली. स्नेक, फ्लॅपी बर्ड, बीजीएमआय हे सगळे विटीदांडूच्या जातीचे.

एका गेमसाठी बनलेला कॉम्प्युटर

ही जात बेसिकमध्ये आणण्यात स्टीव्ह वोझ्नियॅकचा मोठा हात आहे. १९७५ मध्ये त्याने अटारीसाठी ब्रेकआउट हा गेम बनवला. चेंडू, फळी आणि विटांची भिंत, माहीत असेलच. तेव्हा गेम लिहीत नसत, जोडत असत. सगळा खेळ चिप आणि तारांमध्ये. चार रात्री जागून त्याने तो पूर्ण केला, सोबतीला स्टीव्ह जॉब्स. नंतर ॲपल टू बनवताना त्याच्या डोक्यात आलं की हाच गेम बेसिकमध्ये लिहिता आला तर? म्हणून त्याने कॉम्प्युटरला रंग दिले, फिरवायची पॅडल दिली, टकटक आवाजासाठी स्पीकर दिला आणि स्वतःच लिहिलेल्या बेसिकमध्ये त्यासाठीच्या आज्ञा घातल्या. जे जोडायला रात्रीच्या रात्री गेल्या होत्या, ते लिहायला आता थोडाच वेळ लागला. विटांचा रंग बदलायचा तर एक आकडा बदलला की झालं. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल टूचे कित्येक गुण एका गेमच्या हौसेतून आले आहेत.

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्याच्यासोबत बेसिकमधला एक नमुना गेम होता, डाँकी. रस्त्यावरून गाडी चाललीये, समोर गाढव येतं, स्पेसबार दाबून लेन बदलायची. इतकंच. तो बिल गेट्स आणि नील कॉन्झन यांनी लिहिला होता. गेम म्हणून अगदी सुमार, ॲपलच्या मंडळींनी त्याची भरपूर टर उडवली. पण कोड समोर होता. कुणीही 'लिस्ट' म्हणून तो वाचू शकत होतं, गाढवाच्या जागी दुसरं काही ठेवू शकत होतं. पुढे १९९१ मध्ये डॉसबरोबर क्यूबेसिक आलं, त्यात गोरिला आणि निबल्स हे दोन गेम असेच उघड्या कोडसकट मिळायचे. निबल्स म्हणजे आपला स्नेकच, नोकियाच्या फोनवर १९९७ मध्ये येण्याच्या कितीतरी आधी.

भारतातही शाळेत कॉम्प्युटर आला तो बेसिक घेऊनच. १९८४ मध्ये केंद्र सरकारने क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांमध्ये ब्रिटनचे बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर ठेवले. मशीन चालू केलं की समोर थेट बेसिक. आज फोन चालू केला की समोर आयकॉन येतात, त्यांच्या मागे काय आहे ते दिसत नाही. सोय झाली हे खरंच. पण झाकण मात्र बसलं.

आपला गेम: गळकं छप्पर

पावसाळा आहे, छप्पर गळतंय. वरून थेंब पडतो, खाली पातेलं सरकवून तो झेलायचा. पाच थेंब जमिनीवर पडले की खेळ संपला. हाच आपला गेम.

लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर क्यूबी६४ किंवा पीसी-बेसिक मोफत मिळतं, त्यावर हा प्रोग्राम लिहा. अँड्रॉइडवरही बेसिकची ॲप आहेत, पण प्रत्येकाची बोली थोडी वेगळी असते आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डने असा गेम खेळणं वैतागाचं काम आहे. फोनच वापरायचा असेल तर ओटीजीने साधा कीबोर्ड जोडा.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

१० सीएलएस : रँडमाइझ टायमर
२० पी = ३७ : एस = ० : एम = ०
३० एक्स = इंट(आरएनडी * ७५) + ३ : वाय = २
४० टी = टायमर
५० के$ = इन्की$
६० इफ के$ = "ए" अँड पी > २ देन पी = पी - २
७० इफ के$ = "डी" अँड पी < ७२ देन पी = पी + २
८० लोकेट २२, पी : प्रिंट "  \_/  ";
९० इफ टायमर - टी < .१ देन ५०
१०० लोकेट वाय, एक्स : प्रिंट " ";
११० वाय = वाय + १
१२० इफ वाय < २२ देन लोकेट वाय, एक्स : प्रिंट "ओ", : गोटू ४०
१३० इफ एक्स >= पी + २ अँड एक्स <= पी + ४ देन एस = एस + १ एल्स एम = एम + १
१४० लोकेट १, १ : प्रिंट एस, एम
१५० इफ एम < ५ देन ३० एल्स प्रिंट "खेळ संपला"

(१५० मधला संदेशही इंग्रजी अक्षरांत लिहा, जुन्या बेसिकला देवनागरी कळत नाही. आणि कॅप्स लॉक बंद ठेवा, अवतरणातली अक्षरं लहान लिपीत हवीत.)

पी म्हणजे पातेल्याची जागा, एक्स आणि वाय म्हणजे थेंब कुठल्या कॉलममध्ये आणि कुठल्या ओळीत आहे ते. एस म्हणजे झेललेले थेंब, एम म्हणजे हुकलेले. स्क्रीनवर ८० कॉलम आहेत असं धरलंय. पातेल्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोकळ्या जागा आहेत, त्या विसरू नका. पातेलं सरकलं की त्या मोकळ्या जागाच जुनं पातेलं पुसतात. पुसलं नाही तर स्क्रीनभर भांडीच भांडी.

आता खरा मुद्दा. ओळ ५० बघा. 'इन्की$' ही आज्ञा 'इनपुट'सारखी थांबत नाही. ती फक्त डोकावते: कुठलं बटण दाबलंय का? दाबलं असेल तर ते घेते, नसेल तर रिकाम्या हाताने पुढे जाते. बस्स, एवढ्या एका फरकाने चाल-चाल खेळायचा गेम रिअल-टाइम होतो.

दुसरी महत्त्वाची ओळ ९०. टी मध्ये आपण घड्याळाची वेळ लिहून ठेवली होती. त्यानंतर सेकंदाचा दहावा भाग उलटला नसेल तर प्रोग्राम परत ५० वर जातो, म्हणजे पुन्हा बटण बघतो. उलटला असेल तर थेंब एक ओळ खाली येतो. म्हणजे पातेलं तुमच्या बोटाच्या वेगाने सरकतं आणि थेंब घड्याळाच्या वेगाने पडतो. दोन वेगवेगळे वेग, एकच लूप.

जुन्या प्रोग्राममध्ये ही ओळ अशी नसायची. वेळ काढायला लोक कॉम्प्युटरला १ ते १०००० आकडे उगाच मोजायला लावत. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीवर ते छान चालायचं. पुढे वेगवान मशीन आली, मोजणी चुटकीसरशी संपू लागली आणि गेम इतके सुसाट पळू लागले की खेळताच येईनात. त्या काळच्या डब्यांवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण खरा उपयोग असा की ते बंद केलं की मशीन मंद व्हायचं, जुने प्रोग्राम चालावेत म्हणून!

हा प्रश्न आजही संपलेला नाही. तुमच्या फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, मित्राच्या फोनची १२० वेळा. गेम बनवणाऱ्याने 'प्रत्येक चित्राला एक पाऊल' असं लिहिलं तर मित्राचा गेम दुप्पट वेगाने पळेल. म्हणून मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि तेवढंच पाऊल टाकायचं. आपल्या ९० व्या ओळीचंच ते मोठं झालेलं भावंड.

बीजीएमआय खेळताना 'पिंग १०० झालाय' म्हणून तुम्ही वैतागता ना? १०० मिलिसेकंद म्हणजे आपल्या थेंबाचं अख्खं एक पाऊल. तुमचं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येईस्तोवर थेंब एक ओळ खाली सरकलेला असतो. मोठे गेम हे झाकायला बरीच हुशारी करतात, पण मूळ हिशेब हाच.

ओळ ३०: सगळी गोम इथे आहे

गेम थोडा वेळ खेळून बघा. कधी थेंब जवळ पडेल, कधी इतका लांब की कितीही बटणं बडवली तरी पातेलं पोचणार नाही. हे तुमचं चुकतंय का? हिशेब करून बघू.

थेंब ओळ २ वरून ओळ २२ वर येतो, म्हणजे २० पावलं. प्रत्येक पाऊल सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे एकूण २ सेकंद. सेकंदाला १० वेळा बटण लागतं असं धरलं तर २ सेकंदांत २० वेळा. दर वेळी पातेलं २ कॉलम सरकतं, म्हणजे जास्तीत जास्त ४० कॉलम. पण थेंब पडायची पट्टी ७५ कॉलम रुंद आहे. पातेलं मधोमध असेल तर कुठल्याही टोकाला कसंबसं पोचता येतं. पातेलं डाव्या टोकाला असताना थेंब उजव्या टोकाला पडला तर ७२ कॉलम जावं लागतं. अशक्य.

लागोपाठचे दोन थेंब एकमेकांपासून इतके लांब पडण्याची शक्यता किती? अकरावी-बारावीच्या संभाव्यतेने काढली तर ती साधारण पाचात एक येते. म्हणजे तुम्ही कितीही तरबेज असा, दर पाच थेंबांमागे एखादा थेंब तुमच्या हातात नाहीच. मग हा गेम कौशल्याचा की नशिबाचा?

आता ओळ ३० बदलू. पहिला प्रकार: नवा थेंब पातेल्यापासून ३० कॉलमच्या आतच पडेल असं लिहा. प्रत्येक थेंब आता झेलता येण्यासारखा आहे. सराव केला की स्कोअर वाढतो, गेम सगळा कौशल्याचा झाला.

दुसरा प्रकार: पातेलं डावीकडे असेल तर थेंब उजव्या टोकाला, उजवीकडे असेल तर डाव्या टोकाला. आता गेम तुम्हाला हरवतोच. पण खेळणाऱ्याला ते लगेच उमगतं, दोन मिनिटांत तो सोडून देतो. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्ख गेम.

तिसरा प्रकार जरा वेगळा. पातेलं मधोमध नसेल तेव्हा थेंब बरोबर ४४ कॉलम लांब पाडायचा. तुम्ही ४० पर्यंत पोचता. थेंब पातेल्याच्या काठाला चाटून जमिनीवर पडतो. "अरे, थोडक्यात हुकलं!" आणि तुम्ही परत खेळता. असं थोडक्यात हुकणं माणसाला खेळत ठेवतं, हे स्लॉट मशीनच्या अभ्यासातून चांगलंच माहीत झालेलं आहे. मधूनमधून दोन-चार थेंब सोपे टाकले की संशयही येत नाही.

चौदा ओळी जशाच्या तशा, बदलली फक्त एक. पातेलं तेच, थेंब तोच, नाव तेच. गळक्या छपराचे तीन गेम झाले, त्यातला एक प्रामाणिक कौशल्याचा, एक नशिबाचा आणि एक सरळ फसवणुकीचा. स्क्रीनकडे बघून पहिला आणि तिसरा ओळखता येईल का? मला नाही वाटत.

आता कायद्याकडे

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पुढे पैसे लावून रमी खेळवणाऱ्या ॲपनी याच निकालाचा आधार घेतला. पण त्या निकालातली रमी टेबलावरची होती. चार माणसं समोरासमोर, पत्ते पिसणारा हात सगळ्यांना दिसतोय. ॲपमध्ये पत्ते पिसतो तो प्रोग्राम. तिथली ओळ ३० कुणाला दिसते?

कंपन्या म्हणतात की आमचा रँडम नंबर जनरेटर बाहेरच्या प्रयोगशाळेने प्रमाणित केलेला आहे. असं प्रमाणपत्र असणं केव्हाही चांगलं. अमुक ॲप थेंब ४४ कॉलम लांब पाडतं असा माझा कुणावर आरोप नाही, आणि तसा पुरावाही माझ्याकडे नाही. पण प्रमाणपत्र पत्ते नीट पिसले जातात का एवढंच सांगतं. तुमच्यासमोर कुणाला बसवायचं, हरल्यावर कितव्या सेकंदाला 'पुन्हा खेळा'चं बटण मोठं करायचं, बोनस कधी दाखवायचा, या सगळ्याही ओळीच आहेत. आणि त्या बनवणाऱ्याच्या हातात आहेत.

म्हणून नव्या कायद्याने कौशल्य-नशीब हा वाद बाजूला ठेवून 'पैसे लावताय का' एवढंच विचारलं, हे मला तर्काला धरून वाटतं. एका ओळीने ज्याची जात बदलते, त्याची जात कोर्टात ठरवत बसणं अवघडच. दुसरी बाजूही आहे. सरसकट बंदीने प्रामाणिक आणि लबाड दोघंही एकाच दावणीला बांधले जातात, इथे काम करणारे इंजिनिअर बेकार होतात आणि खेळणारे परदेशी बेटिंग साइटकडे किंवा टेलिग्रामवरच्या टोळ्यांकडे जाण्याची भीती राहते, जिथे तक्रार करायलाही कुणी नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय.

कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे सोशल गेम वेगळे काढले आहेत, त्यांना उत्तेजन द्यायचं म्हटलंय. पण फुकट गेममध्ये ओळ ३० नसते असं थोडंच आहे? तिथे पैशाऐवजी तुमचा वेळ लावलेला असतो. 'एनर्जी संपली, ३० मिनिटांनी या' हा निव्वळ टायमर आहे, आपल्या ९० व्या ओळीसारखाच. फक्त तो सेकंदाचा दहावा भाग मोजत नाही, तुमची चुळबुळ मोजतो. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनने फेब्रुवारी २०१४ मध्ये ऐन भरात असलेला आपला फ्लॅपी बर्ड मागे घेतला, कारण लोकांना त्याचं व्यसन लागतंय असं त्याला वाटलं. असं करणारे विरळाच.

एआयने लिहून दिला तर?

तुम्ही म्हणाल, आता बेसिक कोण शिकतं? एआयला सांगितलं की दहा सेकंदांत रंगीत गेम तयार. खरं आहे. २०२५ च्या सुरुवातीला आंद्रे कार्पथीने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला, म्हणजे कोड न वाचता नुसतं सांगत जायचं आणि जे येईल ते चालवायचं. गंमत म्हणून जरूर करा. पण एआयने दिलेल्या ४०० ओळींत ओळ ३० कुठे आहे हे शोधता येत नसेल, तर स्वतः बनवलेल्या गेममध्येही तुम्ही खेळणारेच राहिलात. त्यापेक्षा हे १५ ओळींचं गळकं छप्पर हाताने टाइप करा. दोन-तीनदा 'सिंटॅक्स एरर' येईल, येऊ दे. मग एआयला विचारा, 'यातली ३० वी ओळ अशी बदल की प्रत्येक थेंब झेलता येईल', आणि त्याने दिलेलं उत्तर वर केलेल्या हिशेबाने तपासा.

ओळ १० मधलं 'रँडमाइझ टायमर' काढून गेम दोनदा पहिल्यापासून चालवा. थेंब दोन्ही वेळा त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने पडतील. कारण कॉम्प्युटरचं नशीब हे खरं नशीब नसतं, ते एका आकड्यापासून गणिताने काढलेली यादी असते. सुरुवातीचा आकडा बदलला की यादी बदलते. 'रँडमाइझ टायमर' म्हणजे घड्याळात आत्ता जे वाजलंय तिथून यादी सुरू कर. सुरुवातीचा आकडा ज्याला माहीत, त्याला पुढचे सगळे थेंब माहीत. साध्या गेममध्ये यात काही बिघडत नाही. पैसे लावलेले असतील तर फार बिघडतं, म्हणून तिथे याहून कितीतरी पक्क्या पद्धती लागतात.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. आपल्या प्रोग्राममध्ये एक बग मुद्दाम ठेवलाय. 'टायमर' म्हणजे मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते. रात्री १२ ला तो ८६४०० च्या जवळून एकदम शून्यावर येतो. त्या क्षणी तुम्ही खेळत असाल तर ओळ ९० मधली वजाबाकी ऋण होते, ऋण संख्या .१ पेक्षा लहानच, त्यामुळे प्रोग्राम ५० ते ९० मध्येच घुटमळत राहतो. पातेलं मजेत इकडेतिकडे सरकतं आणि थेंब हवेत लटकलेला. ओळींना १०-१० च्या अंतराने नंबर दिलेत ते यासाठीच, मध्ये नवी ओळ घुसवता यावी म्हणून. ८५ नंबरची एक ओळ घाला: घड्याळातली वेळ टी पेक्षा कमी दिसली, तर टी मध्ये घड्याळातली वेळ नव्याने भर. आज्ञा तुम्ही लिहा, आणि रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी गेम सुरू करून बघा.